पुस्तक बदलायला आलेल्या माणसाला काय द्यायचं?

प्रश्न थोडक्यात असा. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका ताईंच्या घरात पाच माणसं. मुलगा 9 वर्षांचा, इंग्रजी माध्यमात. चित्रं असतील तरच पुस्तक उघडतो. मुलगी आठवीत, मराठी शाळेत. अभ्यासातून वेळच मिळत नाही म्हणते. मिस्टर पेपरातलं खेळाचं पान तेवढं वाचतात. सासूबाई एके काळी भरपूर वाचायच्या, आता पोथीशिवाय हातात काही धरत नाहीत. जुन्या नावाजलेल्या कादंबऱ्यांपासून मुलांच्या कॉमिक्सपर्यंत सगळ्या तऱ्हेची पुस्तकं घरात यावीत, असं ताईंना वाटतं. जवळपास मराठी पुस्तकांचं दुकान नाही. शेवटी विनंती केलीय: शंभर पुस्तकांची यादी द्या.

ताई, यादी मी देत नाही. राग मानू नका. बेळगावातल्या एका मराठी वाचनालयाच्या काउंटरवर मी 31 वर्षं बसले. चार घड्या घातलेल्या किती याद्या हातात आल्या त्याला गणती नाही. कुणी पेपरातलं कात्रण आणायचं, कुणी सरांनी फळ्यावर लिहिलेली नावं उतरवून आणायचं. असा माणूस पहिलं पुस्तक हौसेनं नेतो. दुसरं परत येतं तेव्हा 28व्या पानात बसचं तिकीट असतं. तिसऱ्याला माणूसच येत नाही. वर्गणी मात्र वर्षाची भरलेली. दोष पुस्तकाचा नाही, त्या माणसाचाही नाही. यादी करणाऱ्यानं स्वतःला काय आवडलं ते लिहिलेलं असतं, किंवा काय आवडलं म्हणणं शोभतं ते. तुमच्या मिस्टरांना तो ओळखत नसतो.

आमच्याकडे लोक पुस्तक 'घ्यायला' येत नाहीत, 'बदलायला' येतात. म्हणजे हातात मागचं एक असतंच, आणि मला लागायची ती माहिती त्या हातातल्या पुस्तकात असायची. "बाई, चांगलं काहीतरी द्या की," असं कुणी म्हटलं की मी उलट विचारायची, "हे पुरं झालं का? कुठं अडलात?" या दोन प्रश्नांवर नोकरी काढली म्हणा. जे पुरं झालं त्यात माणसाला कशानं धरून ठेवलं ते ओळखायचं, आणि पुढचं पुस्तक तोच धागा धरून, पण शेजारच्या कपाटातलं द्यायचं. त्याच कपाटातलं देत राहिलं तर वाचक महिनाभरात कंटाळतो, एकदम पलीकडच्या भिंतीचं दिलं तर घाबरतो.

वाचनालयात गेलात की आधी दोन गोष्टी बघा. पहिली, शेवटच्या पानाला चिकटवलेली तारखांची चिठ्ठी. आता बारकोड आले, पण जुन्या पुस्तकांत ती अजून आहे, आणि कामाला लागलेल्या नव्या मुलींना मी पहिल्या आठवड्यात तीच वाचायला शिकवायची. शिक्के सात-आठ दिवसांच्या अंतरानं असतील तर पुस्तक साधारण चालतं. दोन-दोन, तीन-तीन दिवसांवर असतील तर ते पळणारं पुस्तक. डोळे मिटून न्या. एक शिक्का, मग बारा वर्षं काही नाही, मग एकाच पावसाळ्यात पाच शिक्के, असं दिसलं तर मधे सिनेमा किंवा मालिका येऊन गेली असं समजा. 2017 साली 'फास्टर फेणे'चा सिनेमा आला तेव्हा आमच्याकडच्या जुन्या प्रतींच्या चिठ्ठ्या भरून खाली नवा कागद जोडावा लागला होता. आणि एक जात असते: शिक्के तुरळक, पण पानांच्या कडा काळवंडलेल्या, कोपरे मऊ. ते पुस्तक लोक घरी न नेता तिथंच बसून वाचतात. का, ते उघडून बघितल्याशिवाय कळत नाही.

दुसरी गोष्ट, परत आलेल्या पुस्तकांचं टेबल. कपाटात लागायच्या आधी पुस्तकं तिथं पडून असतात. कुणीतरी कालच पुरी केलेली, सगळ्या जातींची, गूढकथेवर पाककृती आणि पाककृतीवर कवितासंग्रह. वाचनालयातलं सगळ्यात चांगलं कपाट तेच. बाई ती लावायला घ्यायच्या आत तिथं उभ्या राहा. कुणी काही म्हणत नाही.

कपाटांचं म्हणाल तर आमच्या शास्त्रात एक गंमत आहे. पुस्तकांना विषयावार क्रमांक द्यायच्या ड्यूईच्या दशांश पद्धतीत मराठी साहित्याला 891.46 आणि कन्नडला 894.814. क्रमानं लावत गेलं तर मराठीपासून कन्नडपर्यंत पोचायला वाटेत रशियन लागतं, अरबी लागतं, हंगेरियन लागतं. बेळगावात जे घर भिंतीला भिंत लावून आहे ते कपाटात असं जगाला वळसा घालून येतं. त्यात अनुवाद मूळ भाषेच्या क्रमांकाखाली ठेवायचा नियम. म्हणजे कन्नड कादंबरीकार भैरप्पांची 'वंशवृक्ष' उमा कुलकर्णींनी सुंदर मराठीत आणली, 1989 साली तिला अनुवादाचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, पण नियमानं ती कन्नडच्या कपाटात. आणि मराठी वाचणाऱ्या बायका तिकडं फिरकणार नाहीत. मी ती सरळ मराठी कादंबऱ्यांत लावली. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी हरकत घेतली. मी हो म्हटलं, आणि ते गेल्यावर पुस्तक पुन्हा होतं तिथं.

आता माणसागणिक बोलू.

मिस्टरांपासून सुरू करते, कारण तिथं माणसं हात टेकतात. वडगावचे एक टेम्पोवाले होते. बायको पुस्तक बदलेपर्यंत बाहेरच्या बाकावर बसून पेपर चाळायचे. एका पावसाळ्यात टेम्पो बंद, कंटाळले, आणि म्हणाले, "मारामारीचं काय असलं तर द्या की." बाबूराव अर्नाळकर दिले. या माणसानं हजारावर रहस्यकथा लिहिल्या, त्यामुळं साठा संपायची भीती नव्हती. दोन दिवसांत परत. मग आठवड्याला तीन. चाळीसेक झाल्यावर एकदा पुस्तक टेबलावर टाकून म्हणाले, "आता शेवट आधीच कळायला लागलाय."

मी त्या वाक्याची वाटच बघत होते. त्यांना धरून ठेवलं होतं ते खून-मारामारीनं नव्हे; माणूस अडकतो कसा आणि सुटतो कसा, यानं. मी विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' दिला. कोकणातला भिक्षुक, घरावर कर्ज, दक्षिणा मिळेल म्हणून उत्तरेत जातो आणि थेट 1857च्या बंडात सापडतो. झाशीचा वेढा डोळ्यांनी बघतो, लुटला जातो, चालत परत येतो. चार दिवसांनी टेम्पोवाले आले ते जरा रागातच. "हे खरं घडलेलं आहे? मग अर्नाळकर कशाला दिलात?" तिथून वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर', तिथून लक्ष्मण मानेंचं 'उपरा'. कादंबरी त्यांनी शेवटपर्यंत नेली नाही. खोटं कशाला वाचायचं, म्हणायचे. असू दे. सगळ्यांनी सगळं वाचलंच पाहिजे असं नाही.

तुमच्या मिस्टरांचं हातातलं पुस्तक म्हणजे खेळाचं पान. मग शेजारचं कपाट द्वारकानाथ संझगिरींच्या क्रिकेटवरच्या पुस्तकांचं. लेख सुटे आहेत, सामन्याच्या मधल्या वेळेत एक होतो. हातात देऊ नका, वाचा म्हणू नका. पेपर जिथं पडतो तिथं ठेवा. थरार आवडतो असं दिसलं तर मुरलीधर खैरनारांची 'शोध'. जाडी बघून दचकतील. पहिली वीस पानं निघाली की पुढचं आपोआप निघतं.

मुलाचं जरा सविस्तर सांगते, कारण इथं माझी स्वतःची चूक आहे.

आमच्याकडे जुना नियम होता: चित्रकथा घरी मिळणार नाहीत, बसूनच वाचायच्या. कारणं दोन सांगितली जायची. पानं लवकर फाटतात, हे खरं होतं. आणि ते काही खरं वाचन नव्हे, हे तेव्हा मलाही पटलेलं होतं. नऊ वर्षं मी तो नियम पाळला. इंद्रजाल कॉमिक्स 1964 ते 1990 निघत होती, त्यातल्या मराठी अंकांच्या आम्ही पुठ्ठा घालून बांधण्या केल्या होत्या, वेताळ (म्हणजे फँटम), मँड्रेक. पोरं कपाटाआड उभ्यानं एकामागून एक संपवायची. शहापूरकडचा एक मुलगा वहीत वेताळाची कवटीची अंगठी काढत बसायचा, चित्र हुबेहूब. एक दिवस त्यानं अख्खं पान फाडून खिशात घातलं. मी सगळ्यांसमोर बोलले आणि महिनाभर कार्ड काढून घेतलं. महिन्यानं तो आला नाही. नंतरही नाही. त्याचं कार्ड ड्रॉवरमध्ये बरीच वर्षं होतं. नियम पुढं मी समितीकडून रद्द करून घेतला, पण ते कार्ड काही फेकवलं नाही.

कॉमिक्सला 'खालचं' समजू नका, हे मी त्यानंतर शिकले. आणि तुमच्या मुलाच्या बाबतीत तर त्याला खास कारण आहे. इंग्रजी माध्यमातल्या आपल्या मुलांचं मराठी बोलणं चोख असतं, गोष्टही कळते, पण देवनागरी वाचण्याचा वेग कमी पडतो. जोडाक्षराला अडखळतात, ओळीच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरते, आणि मग मराठी बोअर आहे असं म्हणतात. कॉमिक्समधली वाक्यं फुग्यातली, म्हणजे बोललेली, पाच-सहा शब्दांची. एखादा शब्द अडला तरी चित्र सांगतं. बोलण्याच्या वेगानं वाचन होतं, आणि गोष्ट हातातून निसटत नाही. म्हणून 'चिंटू'नं सुरू करा. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी 1991 साली पेपरात सुरू केलेली ही पट्टी पुस्तकरूपातही मिळते. तीन-चार चौकटींत काम संपतं, घरातली भाषा, घरातलेच उद्योग. वाटून वाचा: आई-पप्पांचे फुगे तुम्ही, चिंटूचे त्यानं. आठवडाभर रात्री दहा मिनिटं. दोन चौकटींच्या मधे काय झालं असेल, हे एखादवेळी विचारा. चित्रकथेत निम्मी गोष्ट त्या मोकळ्या पट्टीत असते आणि ती मुलानं स्वतः भरायची असते.

तिथून अमर चित्रकथा. ही मालिका 1967पासूनची. ती उभी केली त्या अनंत पै यांचं गाव आपल्याच कर्नाटकातलं, कारकळ. पौराणिक पुस्तकांपेक्षा बिरबल, तेनाली रामन आधी द्या. हसू आलं की पान उलटतं. मग चित्रं कमी आणि मजकूर जास्त अशा पुस्तकांकडं: भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. फुरसुंगीचा बनेश फेणे, सायकल, आणि तोंडानं 'ट्टॉक्'. 9व्या वर्षी मोठ्यांनी वाचून दाखवलं तर पुरतं, 10व्या-11व्या वर्षी स्वतः वाचतो. माधुरी पुरंदऱ्यांची पुस्तकं मात्र कुठल्याही वयाला द्या. त्यांच्या 'चित्रवाचन'मध्ये बघण्यासारखं इतकं आहे की बोलता बोलता अर्धा तास जातो. ज्या मुलाला वाचायचं नसतं त्याला बोलायचं असतंच.

एक सावधगिरी. एका विक्रेत्यानं एकदा आमच्या समितीच्या गळ्यात बालवाङ्मयाचा गठ्ठा घातला होता, वजनावर घ्यावा तशा भावात. सगळ्या बोधकथा, चित्रं शिक्क्यासारखी, छपाई पुसट, प्रत्येक गोष्टीच्या शेवटी तात्पर्य चौकटीत. दाखल नोंदवहीत नोंदी करताना हात दुखले, आणि पाच वर्षांनी तारखांच्या चिठ्ठ्या कोऱ्याच्या कोऱ्या. मुलांना फसवता येत नाही. संच घेऊ नका, सुटी पुस्तकं घ्या.

आता सीमाभागात राहण्याचा फायदा सांगते. शहापूरला आमच्या वाड्यात आमच्याकडे मराठी 'चांदोबा' यायचा आणि शेजारी कन्नड 'चंदमामा'. मासिक एकच, मद्रासचं. कन्नड आवृत्ती 1949पासून, मराठी 1952पासून. गोष्टी त्याच, आणि मुख्य म्हणजे चित्रं तीच. खांद्यावर प्रेत, हातात तलवार, मागं स्मशान, असा विक्रम राजा शंकर नावाच्या चित्रकारानं काढलेला. दुपारी ओसरीवर दोन्ही अंक शेजारी ठेवून आम्ही पोरी जुळवाजुळव करायचो. आमचा वेताळ त्यांच्याकडे 'बेताळ' होता, यावर आम्ही कितीतरी दिवस हसत होतो. हसता हसता 'बे' कसा काढतात ते कळलं, मग 'ळ', मग राजा, मग झाड. शाळेत कन्नड यायच्या आधी मला अक्षरं त्या बेताळानं शिकवली.

तुमच्या मुलाला शाळेत कन्नड असणारच. 'चांदोबा' बंद पडला, पण तो खेळ आजही खेळता येतो. प्रथम बुक्सचं 'स्टोरीविव्हर' म्हणून मोफत संकेतस्थळ आहे, 2015पासून. एकच चित्रगोष्ट मराठीत उघडा, मग कन्नडमध्ये उघडा. चित्र तेच असल्यामुळं अर्थ आधीच कळलेला असतो, फक्त अक्षरं ओळखायची. मराठी, कन्नड, इंग्रजी, तिन्ही आलटून पालटून वाचणारी चार-पाच मुलं तरी माझ्या ओळखीत आहेत. बाहेरच्यांना ते ओझं वाटतं. आपल्याकडं गल्लीत खेळताना पोरं एरवीही तेच करतात.

मुलीबद्दल फार काळजी नको. आठवीतल्या मुलींना वेळ नसतो हे खरं, पण मोबाइलला असतो हेही खरं, त्यामुळं लहान आणि सुटं द्या. प्रकाश संतांचं 'वनवास'. कथा लंपन नावाच्या मुलाच्या, बेळगावच्या आसपासच्याच मातीतल्या, आणि त्यातली कन्नडमिश्रित बोली वाचून ती म्हणेल, हे तर आपल्यासारखंच बोलतात! आपलं बोलणं पुस्तकात छापलेलं बघणं ही काय चीज असते ते पुण्या-मुंबईच्या मुलांना कळायचं नाही. विज्ञान आवडत असेल तर जयंत नारळीकरांच्या कथा. पहिल्यांदा 1974च्या स्पर्धेत त्यांनी स्वतःची आद्याक्षरं उलटी करून 'नारायण विनायक जगताप' या नावानं कथा पाठवली होती. ओळखीमुळं नंबर मिळाला असं कुणी म्हणू नये म्हणून. हे मुलीला आधी सांगा, मग पुस्तक द्या. बेळगावच्याच माधुरी शानभागांनीही विज्ञानकथा लिहिल्यात, 'अग्निपंख'चा अनुवादही त्यांचाच. थोडी रमली की शांता शेळक्यांनी मराठीत आणलेलं 'चौघीजणी'. बालभारतीचं 'किशोर' मासिक 1971पासून निघतं आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर फुकट वाचायला आहेत. मोबाइल हातात आहेच, तर तेही उघडू दे.

सासूबाईंचं मला वेगळंच वाटतं. पूर्वी वाचायच्या, आता फक्त पोथी. ताई, पोथीचा टाइप बघितलाय का? ठळक, टपोरा, ओळींत भरपूर जागा. कादंबरीचा बघा, मुंग्यांच्या रांगा. "आता मन लागत नाही" म्हणणाऱ्या म्हाताऱ्या मी पुष्कळ बघितल्या. त्यातल्या कितीतरी जणी मोतीबिंदू काढल्यावर पिशवी घेऊन परत आल्या. आधी डोळे दाखवा. तोवर मुलीला रोज पंधरा मिनिटं वाचून दाखवायला सांगा. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' यासाठीच लिहिली आहेत असं वाटावं इतकी बोलती आहेत. सोवळ्यात बुडालेले वडील, न सांगता घर सोडून जाणारा नवरा, आणि हे सगळं हसत सांगणारी बाई. किंवा 'गणगोत'मधले पुलंचे 'रावसाहेब'. पुलं काही काळ इथल्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवत होते, आणि रावसाहेबांचं ते बेळगावी मराठी मनातल्या मनात वाचायचं नव्हेच, मोठ्यांदाच वाचायचं. तुमच्याकडं ते हेल कुणाला शिकवावे लागणार नाहीत.

राहिलात तुम्ही, आणि तुमच्या जुन्या नावाजलेल्या कादंबऱ्या. लोक इथं एक चूक करतात, पहिल्यापासून सुरू करतात. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून 'यमुनापर्यटन'चं नाव घेतलं जातं, 1857ची. लिहिणारे बाबा पदमनजी आपल्या बेळगावात जन्मले, याचा मला अभिमान आहे, आणि माझ्या कारकिर्दीत ती पुरी करून परत आणणारे वाचक हाताच्या बोटांवर मोजावेत एवढे. विधवांच्या हालांचं वर्णन अंगावर येतं, पण मधेमधे धर्माचा उपदेश लांबलचक. ती नंतर वाचा.

बारीक पुस्तकांपासून सुरू करा. विश्राम बेडेकरांची 'रणांगण', 1939ची. युरोपातून निघालेली बोट, एक मराठी तरुण, एक ज्यू मुलगी, आणि पुढं येऊ घातलेलं युद्ध. दोन रात्रींत होते. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी', 1955ची. माणदेशातल्या धनगरांच्या वाडीत आलेला तरुण मास्तर. या दोन जिरल्या की मग हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' घ्या, आणि ती वाचायची एक युक्ती आहे. ही कादंबरी 'करमणूक' साप्ताहिकातून 1890पासून हप्त्याहप्त्यानं आली. लोक आठवड्याला एक तुकडा वाचायचे आणि पुढं यमूचं काय होणार म्हणून आठवडाभर जीव टांगणीला. आपण ती एका बैठकीत रेटायला जातो आणि पसरट म्हणून नावं ठेवतो. तुम्ही तशीच वाचा: शनिवारी रात्री थोडी, बाकी आठवडा दुसरं काहीतरी. माझ्या एका वाचक बाईंना ती असं वाचत पुरं करायला वर्ष लागलं. वर्षभर त्या यमूबद्दल शेजारणीबद्दल बोलावं तशा बोलायच्या.

नेमाड्यांची 'कोसला', 1963ची, तिच्यात मधली वाट नाही. एकतर दोन दिवसांत परत, नाहीतर वाचक पंधरा दिवस तिच्याच भाषेत बोलतो. 30 पानांत जमली नाही तर सोडा, पाच वर्षांनी पुन्हा बघा. ऐतिहासिक हवी तर 'स्वामी'. रणजित देसाई कोवाडचे, म्हणजे बेळगावहून हाकेच्या अंतरावर. आमच्याकडच्या प्रतीची बांधणी मी तीनदा करून घेतली आहे. निपाणीचे महादेव मोरे वाचलेत का? पिठाची गिरणी चालवत लिहिणारे. तंबाखूच्या वखारीतल्या बाया, गॅरेजमधली पोरं, देवदासी, सीमाभागातलं जे कुणी लिहिलं नाही ते त्यांनी लिहिलं. आणि कविता वाचत असाल तर इंदिरा संत. त्या इथंच राहिल्या, इथल्याच पावसावर लिहिलं. जूनमध्ये न्या.

उमाताईंचं नाव वर आलंच आहे. त्यांचा जन्म बेळगावचा. यजमान विरूपाक्ष कन्नड पुस्तक मोठ्यानं वाचून टेप करून ठेवायचे आणि त्या ऐकून मराठीत उतरवायच्या. भैरप्पांचं 'पर्व', कारंतांच्या कादंबऱ्या, गिरीश कार्नाडांचं आत्मचरित्र 'खेळता खेळता आयुष्य', एवढं सगळं या जोडप्यामुळं आपल्या घरात आलं. कन्नड बोलता येतं पण वाचता येत नाही अशा आपल्याकडच्या निम्म्या लोकांसाठी हे मोठंच दार आहे.

मिळवायचं कुठून? गावच्या पंचायतीच्या ग्रंथालयात आधी जा. तिथं बहुतेक कन्नड पुस्तकं असतील, पण मुलांना फुकट सभासद करून घ्यायची 'ओदुव बेळकु' मोहीम 2020 साली सुरू झाली, तेव्हा मुलाला तिथं चित्रांची पुस्तकं मिळतील. मागणी वहीत मराठी पुस्तकांची नावं लिहून ठेवा. वहीत मागणीच नसेल तर मराठी वाचायला कुणी येत नाही असं उत्तर तयार असतं. बेळगावात सार्वजनिक वाचनालय आहे, 1848चं. वर्षाची वर्गणी भरून महिन्याला एक फेरी ठेवा. थंडीत कडोली, येळ्ळूर, उचगाव, बेळगुंदी अशा गावांत साहित्य संमेलनं होतात. भाषणं ऐका न ऐका, मांडवाबाहेरचे पुस्तकांचे स्टॉल सोडू नका. मुलांच्या हातात शंभर-शंभर रुपये द्या आणि तुम्ही लांब उभ्या राहा. काय उचलतात ते लांबूनच बघा.

दिवाळी अंकांचं विसरतच होते. 1909च्या 'मनोरंजन'पासूनची ही रीत, आणि वाचकाचा कल ओळखायला याहून स्वस्त साधन नाही. एका अंकात कथा, लेख, कविता, व्यंगचित्रं, प्रवास. बऱ्याच वाचनालयांत शिमग्यानंतर जुने अंक पडत्या किमतीला काढतात. चार-पाच आणा, घरात टाका, आणि महिन्यानं कुठल्या अंकाची कुठली पानं मळलीत ते बघा. एक सांगते, विकत आणलेली पुस्तकं खानापूरच्या पावसात भिंतीला टेकवून ठेवू नका. भिंतीपासून चार बोटं जागा सोडा, श्रावणात ऊन पडलं की एकदा बाहेर काढा.

आता माझं काम. सासूबाईंना निवांत वेळी विचारा, पोथीशिवाय शेवटचं पुरं केलेलं पुस्तक कुठलं, आणि त्यातलं काय आठवतं. नाव आठवणार नाही कदाचित. "ती विहिरीवरची बाई" असं काहीतरी सांगतील. तेवढं मला कळवा, पुढचं पुस्तक मी सांगते.